संजनाचा हेवा

संजनाच्या मांडीचं हाड मोडलं असं पूजानं धावत येऊन सांगितलं, तेव्हा प्रतिभाच्या मनात सगळ्यात आधी जो शब्द उमटला तो होता, सुटली. बिचारी नाही, अरेरे नाही, डोक्याला तर लागलं नाही ना, हेही नाही. सुटली. शब्द इतका सहज आला की जणू आत कधीचा कपडे घालून बसला होता आणि कुणी दार उघडतंय याचीच वाट पाहत होता. पूजा सांगत होती. काल संध्याकाळी कंपनीतून घरी जाताना अंबडच्या वळणावर संजनाची स्कूटर दुभाजकावर आपटली, मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात नेलं, रात्रीच ऑपरेशन झालं, आत रॉड टाकलाय, आता निदान तीन महिने तरी पाय टेकवायचा नाही म्हणतात. तीन महिने. ते ऐकताना प्रतिभाच्या घशाशी काहीतरी गोड, कोमट असं दाटून आलं आणि डोळ्यांसमोर एक खाट आली. पांढरी चादर, खिडकीतून येणारं ऊन, कोपऱ्यात पंखा, आणि खाटेवर पडलेल्या बाईला कुणीही काहीही विचारत नाही. माल निघाला का म्हणून विचारत नाही, गाडी कुठवर पोचली म्हणून विचारत नाही. विचारलंच तर एवढंच, की दुखतंय का. त्या खाटेवर संजना नव्हती. तिथं प्रतिभा स्वतःच पडली होती, आणि तिला इतकं बरं वाटत होतं, की पूजा बोलायची थांबली आहे आणि आपल्या तोंडाकडं बघते आहे, हेही तिच्या उशिरा ध्यानात आलं. “मॅडम?” पूजा म्हणाली. तेव्हा कुठं प्रतिभा “अरे देवा” म्हणाली. तिचे तिलाच ते शब्द नाटकात उशिरा एंट्री घेतलेल्या नटासारखे वाटले.

मग ती उठून वॉशरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली. पाण्याकडं बघताना तिला स्वतःची भीती वाटली. संजना तिच्या हाताखालची मुलगी. चार वर्षांपूर्वी घोटीहून आली तेव्हा प्रतिभानंच तिची मुलाखत घेतली होती, तिला सिडकोत खोली शोधून दिली होती, दिवाळीला तिच्या आईनं पाठवलेला इंद्रायणी तांदूळ प्रतिभाच्या घरी शिजला होता. त्या मुलीचं हाड मोडलं आणि आपल्याला तिचा हेवा वाटला. आपण अशी बाई केव्हा झालो? असं काही एका दिवसात होत नसणार. दूध नासतं तेव्हाही त्याला वेळ लागतो, आपल्याला फक्त नासलेलं दिसतं. आरशात तिनं पाहिलं तर तिथं एक नीटनेटकी, केस व्यवस्थित बांधलेली, चाळिशीकडं झुकलेली बाई उभी होती. कुणीही म्हटलं असतं, सगळं ठीक आहे. तिनंही तेच म्हटलं असतं. हल्ली ती हेच म्हणायची, आणि म्हणताना आपला आवाज शेजारच्या खोलीतून येतो आहे असं तिला वाटायचं.

कंपनी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवायची आणि प्रतिभाचं काम होतं तो माल वेळेवर बाहेर काढणं. कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये, कुठल्या प्लांटला, केव्हा. चाकणच्या मोठ्या कारखान्यात गाड्या एकामागून एक पट्ट्यावरून सरकत असतात, आणि बिजागऱ्या पोचल्या नाहीत तर तो पट्टा थांबतो. त्याला सगळे लाईन म्हणायचे. लाईन थांबली तर. हे वाक्य पुरं करायची कुणालाच कधी गरज पडली नव्हती. प्रतिभा भाजी फोडणीला टाकायची आणि मनात लाईन असायची. दिशाच्या शाळेत पालकसभेला बसायची आणि मांडीवरचा फोन थरथरायचा, की तो थरथरला असं वाटायचं. फोन हातात नसतानाही मांडी थरथरायची. सुरुवातीला तिला या कामाची नशा होती, हेही खरंच. घाटात अडकलेला ट्रक सोडवून तिनं एकदा लाईन वाचवली होती तेव्हा आहेर सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या होत्या आणि तिला वाटलं होतं, आपण काहीतरी उचलून धरलं आहे, आपण हात काढला तर ते पडेल. आता तिला फक्त शेवटचा भाग उरल्यासारखा वाटायचा. आपण हात काढला तर पडेल. काय पडेल ते आठवेनासं झालं होतं.

ती जागेवर येते तोच आहेर सरांचं बोलावणं आलं. ज्ञानेश आहेर म्हणजे प्लांटचे मॅनेजर, मूळचे देवळ्याचे, बोलायला मऊ माणूस. ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं असं प्रतिभाला कधीकधी वाटायचं, निदान आपल्यालाही ओरडता आलं असतं. त्यांनी आधी संजनाची चौकशी केली, विम्याचं काय ते बघा म्हणाले, फुलं पाठवा म्हणाले. मग डोळ्यांवरून हात फिरवून म्हणाले, “प्रतिभा मॅडम, माणूस आजारी पडणारच हो. पण महिनाअखेर आहे. चाकणचं सगळं संजनाकडं होतं. आता?”

“बघते सर.”

“पूजाला द्या. पोरगी चुणचुणीत आहे. अर्धं तिला, अर्धं तुमच्याकडं ठेवा. नवीन माणूस मागितलाय मी वर. मिळेल मिळेल म्हणतात.”

“हो सर,” प्रतिभा म्हणाली.

बाहेर येऊन तिनं पूजाला सांगितलं. पूजाकडं आधीच पुण्याचं आणि हरिद्वारचं काम होतं. क्षणभर पूजाचा चेहरा कोरा झाला, एखाद्या घरातले दिवे गेल्यावर खिडकी होते तसा. मग दिवे परत आले. “हो मॅडम,” ती म्हणाली.

ते दोन शब्द प्रतिभाला ओळखीचे वाटले. कारण तेच शब्द, त्याच सुरात, संजना गेलं वर्षभर म्हणत होती. आधीची संजना तशी नव्हती. ती भांडायची. “मॅडम, मला काय दहा हात आहेत?” म्हणायची. चाकणच्या साहेबांची नक्कल करायची, नाकात बोलून, “लाईन थांबेल हां मॅडम, लाईन थांबेल,” आणि सगळं ऑफिस हसून लोळायचं. मग कधीतरी नकला बंद झाल्या. भांडणं बंद झाली. दिलं ते काम ती मान खाली घालून घेऊ लागली. डबा उभ्यानंच खाऊ लागली, मग खायची बंद झाली. वॉशरूममध्ये नळ सोडून उभी राहायची. प्रतिभानं एकदा आत जाताना पाहिलं होतं, पाणी वाहतंय आणि ही नुसती बघते आहे. चुका होऊ लागल्या, साध्या चुका, एका प्लांटचा माल दुसऱ्याला. आणि या सगळ्यावर प्रतिभानं काय केलं होतं? पगारवाढीच्या वेळी आहेर सरांना सांगितलं होतं, “संजना आता समजूतदार झालीय, सर. पूर्वीसारखी उलटून बोलत नाही.” हे वाक्य तिला आता जसंच्या तसं आठवलं. माणूस विझत होता आणि आपण म्हणत होतो, शांत झाला.

दिवाळीनंतर एकदा पुण्याहून कुणी बाई आल्या होत्या, कामाचा ताण कसा ओळखावा यावर बोलायला. कँटीनची टेबलं भिंतीला सरकवून सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं होतं. बाई गोड होत्या. खांदे सैल सोडा म्हणाल्या, श्वासाकडं लक्ष द्या म्हणाल्या, झोप नीट लागत नसेल, चिडचिड होत असेल, काही केल्या बरं वाटत नसेल तर बोला, मोकळं व्हा, कुणाशी तरी बोला. सगळ्यांनी डोळे मिटले होते आणि सगळ्यांच्या मांडीवर फोन होते. शेवटी प्रश्न विचारा म्हणाल्या तेव्हा संजनानं हात वर केला होता. “मॅडम, ते श्वासाचं करते मी. पण काम थोडं कमी करता येईल का?” आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, त्या बाईही हसल्या, आहेर सरही. प्रतिभाही हसली होती. संजनाचा तो शेवटचा विनोद, असंच सगळ्यांना वाटलं होतं. तिनं विनोद केलाच नव्हता, हे प्रतिभाला आज, दुपारच्या चहाचा कप हातात धरून, कळत होतं. चहाला चव नव्हती. कशालाच नव्हती.

तिला आईची आठवण झाली. लंकाबाई मखमलाबादला अजूनही झेंडू आणि शेवंती करते. प्रतिभाच्या लहानपणी दसऱ्याच्या आधी घरातली सगळी माणसं पहाटेपासून वाफ्यात वाकलेली असत. बोटं हिरवीकाळी होत, तो उग्र वास जेवतानाही हाताला येई, आणि आई बाजारात टोपल्या उतरवून परत यायची तेव्हा तिला बोलायचंही त्राण नसे. कष्ट आईनं कमी केले नव्हते. पण दिवाळी झाली की झेंडू उपटून बांधावर टाकायचे. रान रिकामं व्हायचं. आई ओसरीवर पाय पसरून बसायची, दोन-दोन दिवस नुसती झोपायची, आणि मग एके सकाळी उठून म्हणायची, “चला, आता वांगी लावू.” तिचं दमणं संपायचं. त्याला काठ होता. प्रतिभानं कितीदा प्रयत्न केला होता आपल्या दमण्याचा काठ शोधायचा. रविवारी झोपून पाहिलं, मे महिन्यात दिशाला घेऊन महाबळेश्वरला जाऊन पाहिलं. तिथं धुक्यात उभी राहून ती सहाव्यांदा की सातव्यांदा फोनला रेंज आहे का बघत होती. दिशा म्हणाली होती, “आई, तू इथं नाहीयेस.” मुलांना असलं काहीतरी बोलायची सवय असते असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं. नवरा, भारत, मनमाडला रेल्वेत सिग्नलच्या कामावर. आठवड्याच्या सुट्टीला यायचा. तो आला की ती त्याला गरम जेवायला वाढायची आणि मनात म्हणायची, आज सांगू. काय सांगायचं ते मात्र तिला सापडायचं नाही. काही झालेलंच नव्हतं. आजार नव्हता, भांडण नव्हतं. नुसतं आतून कुणीतरी हळूहळू सामान हलवत होतं.

संध्याकाळी ती हॉस्पिटलात गेली. संजना खिडकीजवळच्या खाटेवर होती. चादर पांढरीच होती. प्रतिभानं नजर वळवली. उशाशी संजनाची आई सखुबाई बसली होती, घोटीहून रात्रीच टेम्पोत बसून आलेली, डोक्यावरचा पदर सारखा सावरणारी.

“या मॅडम,” सखुबाई उठत म्हणाली. “पोरगी तुमचं लय नाव घेती.”

“बसा मावशी. कशी आहे आता?”

“हाय ती अशी हाय. डॉक्टर म्हणं हाड जुळंल. पर ती बोलंना झालीय. रडना पण. मला त्याचंच भ्या वाटतंय. एवढुशी असताना खरचटलं तरी गाव गोळा करायची.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “मॅडम, तिच्या नोकरीला काय व्हायचं नाय ना?”

“काही नाही होत, मावशी. तुम्ही काही खाल्लंय का? खाली जाऊन चहा घेऊन या. मी बसते.”

सखुबाई गेली. प्रतिभा स्टुलावर बसली. संजना छताकडं बघत होती. तिचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता, गालावर खरचटल्याची लाल रेघ. प्रतिभानं तिचा हात हातात घेतला. जे सगळे विचारतात तेच तिनं विचारलं. “रेती होती का गं वळणावर? कुणी कट मारला?”

“नाही मॅडम.”

“मग घसरली कशी?”

संजनानं मान वळवली. इतक्या दिवसांनी तिनं प्रतिभाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. “समोर काहीच नव्हतं,” ती म्हणाली. “रस्ता मोकळा होता. मी सोडलं.”

“काय सोडलंस?”

“हँडल.”

बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी स्टीलचं भांडं पाडलं. ते गोल गोल फिरत राहिल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“मरायचं नव्हतं मला,” संजना समजावून सांगावं तसं म्हणाली. “खरंच नव्हतं, मॅडम. मी असा हिशेब केला होता की हात मोडेल. उजवा. मग टाईप करता येणार नाही. महिनाभर तरी. सुट्टी मागितली असती तर तुम्ही म्हणाला असता, महिनाअखेर होऊ दे. मग पुढची महिनाअखेर. हात मोडला तर कुणी काही म्हणत नाही.” ती थांबली. “पाय मोडला. दुखतंय खूप. पण रात्री मला झोप लागली, मॅडम. कितीतरी दिवसांनी.”

 प्रतिभाला रडायला हवं होतं, संजनाला जवळ घ्यायला हवं होतं. पण तिच्या मनात जे चाललं होतं ते भलतंच होतं. ती विचार करत होती, हो. असं करता येतं. हे आपल्याला कसं सुचलं नाही?

“आईला सांगू नका,” संजना म्हणाली. “कुणालाच नका सांगू. शप्पथ घ्या.”

“नाही सांगत.”

“तुम्ही रागावला?”

“नाही गं,” प्रतिभा म्हणाली, आणि तिचा आवाज प्रथमच शेजारच्या खोलीतून न येता तिच्या स्वतःच्या गळ्यातून आला. फाटका, घोगरा. “नाही गं बाई.”

हॉस्पिटलातून निघाली तेव्हा दिवेलागण झाली होती. मुंबई नाक्यावरून ती उड्डाणपुलाच्या कडेच्या रस्त्याला लागली. घरी जायचा ओळखीचाच रस्ता. वर पुलावरून ट्रक जात होते, त्यांचा घरघराट अंगात शिरत होता. इंदिरानगरचा बोगदा गेला, लेखानगर गेलं. दिशा शेजारच्या काकूंकडं असेल, दूध संपलं असेल, रात्री चाकणचा फोन येईल, उद्या सकाळी पूजा हो मॅडम म्हणेल. विचार ओळीनं येत होते, एकसारखे, बिजागऱ्यांसारखे. आणि मग राणेनगरच्या पुढं एक जागा आली जिथं रस्ता थोडा वेळ रिकामा असतो. समोर काहीच नव्हतं. प्रतिभानं आपल्या बोटांकडं पाहिलं. ती बोटं तिची नव्हती असं नंतर तिला म्हणता आलं असतं, पण ते खोटं ठरलं असतं. ती तिचीच होती. तिनं ती उघडली. आधी करंगळी सुटली, मग बाकीची. तळवे हँडलपासून बोटभर वर आले. स्कूटर आपली आपण चालली होती, सरळ, आज्ञाधारक. वारा तळव्यांना लागला. किती हलकं. किती सोपं. अजून थोडं, एवढंच. तिला दिशा आठवली नाही, भारत आठवला नाही. कुणीच आठवलं नाही, आणि पुढं कितीही दिवस गेले तरी याच गोष्टीनं ती दचकून जागी होणार होती. मग हँडल डावीकडं ओढलं गेलं, स्कूटर लचकली, मागून येणारी रिक्षा कर्कश ब्रेक दाबून अंगावर आल्यासारखी थांबली आणि प्रतिभाच्या हातांनी, तिला न विचारता, हँडल गच्च धरलं.

“ओ ताई! मरायचंय का?” रिक्षावाला बाहेर डोकं काढून ओरडला. “झोपलात का काय?”

ती रस्त्याच्या कडेला थांबली. रिक्षावाला दोन शिव्या घालून निघून गेला. पुन्हा वळून बघितलं त्यानं, ती खाली बसली हे पाहून असेल, पण थांबला नाही. एका बंद पंक्चरच्या दुकानाच्या पायरीवर ती बसली. शेजारी जुने टायर रचलेले होते, त्यांच्यात पाणी साचलं होतं. तिला उलटी झाली. तोंड पुसून तिनं फोन काढला आणि भारतला लावला.

“बोल,” तो म्हणाला. मागं कुठल्यातरी गाडीची घोषणा चालू होती.

“अहो...”

“काय झालं? दिशा बरीय ना?”

“दिशा बरीय. मी रस्त्यात आहे. राणेनगरच्या पुढं.”

“गाडी बंद पडली का? पेट्रोल बघ आधी.”

“गाडीला काही नाही झालं,” ती म्हणाली, आणि मग एकदम, थांबवता येईना असं, “मी हात सोडले. चालत्या गाडीवर. मला पडायचं होतं. हाड मोडावं म्हणून. सुट्टी मिळेल म्हणून. अहो, मला कळत नाहीये मला काय होतंय, मी घरी नाही जाऊ शकत अशी, मी दिशाला मागं बसवून नेते रोज याच गाडीवर...”

पलीकडं घोषणा संपली. भारत कमी बोलणारा माणूस. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. तो आता म्हणेल, शांत हो. तो म्हणेल, दमली असशील, झोप. त्यानं तसं म्हटलं असतं तर ती काय करणार होती ते तिला ठाऊक नव्हतं.

“गाडीची चावी काढ,” तो म्हणाला.

“काय?”

“चावी काढ गाडीची. काढलीस? हातात ठेव. आता रिक्षा कर आणि मखमलाबादला आईकडं जा. दिशाला काकू सोडतील तिथं, मी त्यांना फोन करतो. माझ्या जागी माणूस बोलावतो आणि निघतो. मिळेल ती गाडी धरतो.” मग थोडं थांबून, अवघडल्यासारखा म्हणाला, “तू मला सांगितलंस ते बरं केलंस. फोन ठेवू नको. रिक्षा मिळेपर्यंत ठेवू नको.”

तिनं ठेवला नाही. तिला तो प्लॅटफॉर्मवरून चालत असल्याचा आवाज येत राहिला.

आईनं काही विचारलं नाही. पोरीचं तोंड पाहून तिनं मऊ भात टाकला, वर तूप घातलं, आणि अंथरुणाशी बसून तिचे पाय दाबत राहिली. प्रतिभाला झोप लागली नाही. डोळे मिटले की ट्रक निघायचे. पण त्या जागरणात एक गोष्ट तिला लख्ख दिसत राहिली, दिवे जाऊन परत आलेला पूजाचा चेहरा. संजना, मी, आणि आता पूजा. एकीकडून दुसरीकडं ओझं सरकवत न्यायचं आणि जी मोडेल तिला फुलं पाठवायची. सकाळी भारत आलेला होता. उद्यापासून जाऊ नकोस, आजही जाऊ नकोस, डॉक्टरांकडं जाऊ, म्हणाला. “जाऊ,” ती म्हणाली. “पण आधी कंपनीत जायचंय. एकदाच. तुम्ही सोडा मला आणि गेटबाहेर थांबा.”

पूजा दोन्ही कानांना दोन फोन लावून बसली होती. टेबलावरचा डबा उघडलेला नव्हता. प्रतिभानं जवळ जाऊन चाकणचा फोन तिच्या हातातून काढून घेतला.

“नमस्कार, प्रतिभा बोलतेय. संजना मॅडम रजेवर आहेत. त्यांचं काम सध्या कुणाकडंही नाही.”

“असं कसं, मॅडम?” पलीकडचा आवाज खरंच नाकात होता. “दुपारचा माल आला नाही तर लाईन थांबेल.”

“थांबेल,” ती म्हणाली. “आमचे आहेर सर तुमच्याशी बोलतील.” आणि तिनं फोन खाली ठेवला.

पूजा उभी राहिली. तिच्या डोळ्यांत सुटका नव्हती, घाबरलेपण होतं. “मॅडम, मी करत होते ना,” ती म्हणाली. “मी काय चुकले? सरांना सांगू नका मला जमत नाही म्हणून. मला जमतं. माझी नोकरी कायम व्हायचीय अजून. मॅडम, प्लीज.”

प्रतिभाला वाटलं होतं, ही मोकळा श्वास टाकेल. तिला काय सांगावं? की बाई गं, मीही अशीच म्हणत होते, मला जमतं? “तू काही चुकली नाहीस,” एवढंच तिला म्हणता आलं. “जेव आधी. बसून जेव.” पूजा बसली, पण तिनं डबा उघडला नाही. आहेर सरांच्या केबिनच्या दाराकडं बघत राहिली.

आहेर सर उभेच होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. “मॅडम, काय केलंत हे? वरून फोन आला मला. दोन तास पुरेल एवढाच माल आहे तिकडं.”

“सर, पूजाला ते काम देऊ नका. मलाही नको. नवीन माणूस येईपर्यंत चाकणला कमी माल जाऊ दे.”

“कमी माल? तुम्ही बोलताय हे?” ते हसायला गेले, जमलं नाही. “झालंय काय तुम्हाला?”

संजनाची शप्पथ होती. म्हणजे दुसऱ्याचं काही सांगून भागणार नव्हतं. प्रतिभानं खुर्चीची पाठ धरली.

“काल संध्याकाळी घरी जाताना मी चालत्या गाडीचं हँडल सोडलं,” ती म्हणाली. “मुद्दाम. मला अपघात हवा होता, सर. दवाखान्यात पडून राहायला मिळावं म्हणून. मागची रिक्षा थांबली म्हणून मी आज इथं उभी आहे. मी वेडी नाही. मला वाटतं मी फार दिवसांपासून आजारी आहे, आणि तुम्हाला कळलं नाही, मलाही नाही. पूजालाही कळणार नाही. ती हो म्हणेल. तुम्ही द्याल तेवढ्याला हो म्हणेल. म्हणून देऊ नका.”

आहेर बसले. त्यांचा फोन टेबलावर उजळत होता, बंद होत होता, परत उजळत होता. त्यांनी तो उचलला नाही, पालथाही केला नाही, नुसते त्याच्याकडं बघत राहिले. प्रतिभाला वाटलं, आता ते म्हणतील राजीनामा लिहा. किंवा त्या पुण्याच्या बाईंचा नंबर देतील. खिडकीबाहेर फोर्कलिफ्टचा मागं जातानाचा एकसुरी बीप बीप चालू होता.

“पूजाकडून काढतो,” ते शेवटी म्हणाले. “चाकणला मी बोलतो. जे व्हायचं ते होईल. तुम्ही रजेवर जा, मी सही करतो.” त्यांनी घसा खाकरला. मग टेबलाच्या काचेवर बोट फिरवत, तिच्याकडं न बघता, देवळ्याच्या वर्गात बसलेल्या पोरासारखं त्यांनी हळूच विचारलं, “मॅडम, हे असं... असं वाटायला लागल्याचं कसं ओळखायचं? म्हणजे, तुम्हाला कधीपासून वाटत होतं?”

प्रश्न तिच्याबद्दलचा नव्हता. त्यांच्या आवाजावरून तिला ते लगेच कळलं, आणि या वेळी तिच्या मनात हेवा आला नाही, राग आला नाही, सुटली हा शब्दसुद्धा आला नाही. गेटबाहेर भारत उन्हात उभा होता. तिनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर न बसता बाजूला बसली.

“तुम्हाला कधीपासून वाटतंय, सर?”

आहेरांनी आधी मान वर करून दार नीट लागलंय का ते पाहिलं.